दात्यांची भाषा व मुलांची भाषा : पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या लेखनाचा विचार

मराठीतील ख्रिस्ती वाङ्मयाचा विचार आजवर बहुधा दोन अंगांनी झाला आहे. धर्मप्रसाराचे साधन म्हणून त्याची उपेक्षा तरी झाली, किंवा स्त्रीशिक्षणाच्या व समाजसुधारणेच्या इतिहासातील पुरावा म्हणून त्याचा गौरव तरी झाला. उपेक्षा करणाऱ्यांनी ते वाचले नाही आणि गौरव करणाऱ्यांनी त्यातील संख्या तेवढ्या टिपून घेतल्या : शाळा किती, अनाथ मुले किती, दुष्काळात आश्रय किती जणांना मिळाला. भाषेची कृती म्हणून या लेखनाकडे पाहण्याचे काम राहूनच गेले. वस्तुतः सेवाकार्यातून निर्माण झालेल्या गद्याची अडचण वाङ्मयीन स्वरूपाचीच आहे. या गद्याला एकाच वेळी दोन श्रोते असतात. एक पैसे देणारा, तो दूर असतो आणि त्याची भाषा निराळी असते. दुसरा ते पैसे ज्याच्यासाठी खर्च व्हावयाचे तो. तो समोर जमिनीवर बसलेला असतो आणि पुष्कळदा त्याला अक्षरओळखही नसते. लेखक कोणाशी कोणत्या भाषेत काय बोलतो, यावरून त्या कार्याचे जे अंतरंग कळते ते वार्षिक अहवालातून कळत नाही.

हा प्रश्न कोकणाला परका नाही. स्कॉटिश मिशनरी सोसायटीचे पश्चिम भारतातील काम १८२३ मध्ये बाणकोट येथे सुरू झाले व पुढे हर्णे येथेही चालले. मुंबई-पुण्याची मोठी विद्यालये अद्याप दूर होती; आरंभ झाला तो किनाऱ्यावरच्या खेड्यांतील मराठी शाळांनी. या मंडळींपैकी जॉन स्टीव्हन्सन यांचे मराठी व्याकरण १८३३ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले. परक्या उपदेशकाला खेड्यातील मुलासमोर उभे राहावयाचे, तर आधी त्या मुलाची भाषा बांधून घ्यावी लागली, असा या क्रमाचा अर्थ आहे. मात्र बांधली गेली ती प्रमाण मराठी. त्याच किनाऱ्यावर दक्षिणेकडे, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात, गोष्ट आणखी गुंतागुंतीची होते. मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या भागातील ख्रिस्ती वस्ती बव्हंशी गोव्याशी नाते असलेली आणि कॅथलिक पंथाची. वेंगुर्ल्यास अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने रुग्णालय चालवले, पण गावोगावच्या चर्चचा आणि त्याला जोडलेल्या शाळांचा संसार कॅथलिकांचाच राहिला. २००५ मध्ये पुणे धर्मप्रांतातून वेगळा सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला. येथील मूल प्रार्थना कोकणीत म्हणते, बाजारात मालवणी बोलते आणि शाळेच्या पुस्तकात मराठी वाचते. घरी ‘झिल’ आणि ‘चेडू’ असणारी भावंडे धड्यात ‘मुलगा’ आणि ‘मुलगी’ होतात. शेजारच्या हिंदू घरातील मुलाची स्थितीही प्रार्थनेपुरता फरक सोडता हीच. तेव्हा गरीब मुलाला शिकवणे म्हणजे त्याला कोणत्या भाषेत नेणे, हा प्रश्न या किनाऱ्यावर रोजचा आहे. मराठी गद्यात त्याचा सर्वांत मोठा आणि सर्वांत दुर्लक्षित प्रयोग झाला तो मात्र घाटावर, पुणे जिल्ह्यातील केडगाव येथे. म्हणून प्रस्तुत विवेचन तेथे जाते.

पंडिता रमाबाईंच्या लेखनाची जी रूढ वाटणी आहे ती अशी. १८८२ चे ‘स्त्रीधर्मनीति’, १८८७ चे इंग्रजी ‘हाय-कास्ट हिंदू वुमन’ आणि १८८९ चे ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’ हे त्यांचे वाङ्मय. त्यानंतरचे सारे मिशनकार्य. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईत शारदासदन उघडले, पुढच्या वर्षी ते पुण्यास आले, १८९३ मध्ये धर्मांतराच्या प्रश्नावरून वाद पेटला, रानडे-भांडारकरांसारखे सल्लागार दूर झाले, पालकांनी मुली काढून नेल्या, आणि तेथून रमाबाई मराठी विचारविश्वातून जणू बाहेर पडल्या. देवदत्त नारायण टिळकांनी १९६० मध्ये लिहिलेल्या चरित्राने या समजुतीला पहिला मोठा छेद दिला आणि नंतरच्या अभ्यासकांनी तो रुंद केला. तरीही सुधारक रमाबाई निराळ्या व केडगावच्या रमाबाई निराळ्या, ही फाळणी साहित्याच्या इतिहासात टिकून आहे. ती टिकण्याचे कारण धार्मिक आहे असे म्हणण्याची प्रथा आहे. परंतु त्याहून साधे कारण असे की केडगावच्या काळातले त्यांचे मराठी आमच्या टीकाकारांना वाङ्मय वाटले नाही.

या मराठीची पूर्वपीठिका पाहिली पाहिजे. रमाबाई कोणत्याही शाळेत गेल्या नव्हत्या. अनंतशास्त्री डोंगरे यांचे कुटुंब पुराणे सांगत देशभर पायी हिंडत असे. त्या प्रवासात आईने मुलीला संस्कृत शिकवले आणि मराठी होती ती घरातल्या बोलण्याची. १८७४ नंतरच्या दुष्काळाच्या वर्षांत आई, वडील आणि थोरली बहीण गेली. अन्नावाचून मरणारे माणूस कसे मरते हे या बाईंनी सोळा-सतरा वर्षांच्या वयात पाहिले होते. पुढे कलकत्त्यात ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ झालेल्या रमाबाईंनी १८८२ मध्ये पुण्यास येऊन मराठी पुस्तक लिहावयास घेतले तेव्हा त्यांच्यापाशी सहज होती ती संस्कृताची संपत्ती. ‘स्त्रीधर्मनीति’ची भाषा त्यामुळे जड आहे. वाक्य समासांनी भरलेले, उपदेशाचा स्वर उंच, आणि वाचणारी स्त्री उच्चवर्णीय घरातील व थोडेबहुत शिकलेली असणार हे गृहीत धरलेले. सात वर्षांनी आलेल्या अमेरिकेच्या पुस्तकात भाषा सैल होते. निरीक्षण, तुलना, थट्टा यांना जागा मिळते. हे त्यांचे मराठीतील सर्वांत वाचनीय पुस्तक आहे यात शंका नाही, आणि ते फार काळ विस्मृतीत पडले याचा दोष ग्रंथाचा नव्हे. तथापि त्याचाही वाचक पुण्या-मुंबईचा सुशिक्षित पुरुष आहे. लेखिका त्याच्याशी बरोबरीने वाद घालते.

१८९६-९७ च्या दुष्काळाने हा वाचक बदलला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे तीनशे मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यात त्या वेळी प्लेगचे निर्बंध होते, नव्या लोकांना शहरात ठेवणे अशक्य झाले, म्हणून केडगावच्या नव्या घेतलेल्या जमिनीवर त्यांची सोय करावी लागली. मुक्तिसदनाची उभारणी अशी आपद्धर्मातून झाली. १९०० च्या दुष्काळात गुजरातेतून मुली आल्या आणि संस्थेची संख्या दोन हजारांच्या जवळ पोहोचली. शारदासदनात मुख्यतः ब्राह्मण विधवा होत्या. केडगावात सर्व जातींच्या मुली, अंध स्त्रिया, वृद्ध स्त्रिया, समाजाने टाकलेल्या स्त्रिया, पुढे काही मुलगेही आले. शेती, गोठा, विणकाम, तेलघाणा, छापखाना असा संसार वाढला.

या सर्व वर्णनात साहित्याच्या अभ्यासकाने एक गोष्ट टिपावयास हवी, ती बहुधा चरित्रकारांच्या नजरेतून निसटते. या मुलींपैकी अनेकींची जन्मभाषा मराठी नव्हती. कोणी हिंदी बोलणारी, कोणी गुजराती, कोणी कानडी. त्यांना मराठी केडगावलाच शिकावयाची होती, आणि तीही भुकेने खंगलेल्या शरीराने, वयाची शिस्त नसलेल्या वर्गात. ज्या मुलीला ‘ताट’ आणि ‘पाणी’ हे शब्द आधी हवेत तिच्यापुढे ‘पातिव्रत्य’, ‘आत्मोन्नति’, ‘सदाचरण’ हे शब्द निरुपयोगी ठरतात. संस्कृतज्ञ लेखिकेच्या मराठीतून संस्कृताचा भार उतरला याची कारणे धर्मांतरात शोधली जातात, आणि ती तेथे काही प्रमाणात असतीलही. पण अधिक विश्वसनीय कारण हा वर्ग आहे. ज्यांच्यासाठी लिहावयाचे त्यांनी लेखिकेची भाषा बदलली. लेखकाने वाचक घडवावा असे आम्ही मानतो. केडगावात वाचकांनी लेखक घडवला.

बायबलचे भाषांतर हे या बदलाचे मोठे फळ. रमाबाईंनी त्यासाठी उतारवयात हिब्रू आणि ग्रीक यांचा अभ्यास केला, जवळजवळ दोन तपे नव्हे तरी दीड तप या कामात घालवले, आणि ५ एप्रिल १९२२ रोजी मृत्यू आला तेव्हा काम हातावेगळे होण्याच्या बेतात होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये प्रसिद्ध झाला. जुळणी, छपाई, बांधणी ही कामे केडगावच्या छापखान्यात तेथल्याच स्त्रियांनी केली. या भाषांतराविषयी एक अतिशयोक्ती वारंवार लिहिली जाते, ती अशी की संपूर्ण बायबलचे मूळ भाषांतून भाषांतर करणाऱ्या या जगातील पहिल्याच स्त्री होत. अमेरिकेतील ज्यूलिया स्मिथ यांचे इंग्रजी भाषांतर १८७६ मध्येच छापून निघाले होते. अशा पहिलेपणाची रमाबाईंना गरजही नाही. त्यांच्या कामाचे वैशिष्ट्य निराळे आहे : भाषांतर, त्याचा वाचक आणि त्याचे मुद्रण ही तिन्ही एकाच अंगणात होती. ज्या मुलीने अक्षर जुळवले तिलाच ते वाचता यावे, हा भाषांतराचा निकष होता. पंडितांच्या परिषदेपुढे जाऊन आलेला हा मजकूर नाही. स्वयंपाकघर व विणकामाच्या मागाच्या शेजारी बसून तयार झालेला आहे.

मग हे भाषांतर यशस्वी म्हणावे काय? चर्चमध्ये बायबल सोसायटीचेच भाषांतर चालू राहिले. केडगावच्या पुस्तकाने त्याची जागा घेतली नाही. याचे एक कारण संस्थात्मक आहे. दुसरे कारण खुद्द रमाबाईंच्या निष्ठेत आहे. शब्द सोपे, पण मूळ वाक्याचा क्रम व घडण शक्य तेवढी राखावयाची, असा त्यांचा आग्रह होता. शब्द घरातला आणि वाक्य परदेशातले, अशी विचित्र स्थिती त्यामुळे ठिकठिकाणी निर्माण होते. सोपेपणा हा केवळ शब्दांचा गुण नसून वाक्याच्या चालीचाही आहे, हे सत्य त्यांच्यातील भक्ताने त्यांच्यातील शिक्षिकेला पुरते मानू दिले नाही. दाखले, लहान कथा, घरगुती प्रसंग येतात तेथे हे मराठी मोकळे होते. सिद्धांताची पत्रे येतात तेथे ते अडखळते. हा दोष मान्य करूनही, अल्पशिक्षित ग्रामीण स्त्री हाच आपला वाचक असे ठरवून एवढा मोठा ग्रंथ मराठीत दुसऱ्या कोणी हाती घेतला होता काय, हा प्रश्न टीकाकाराने स्वतःस विचारला पाहिजे. लोकशिक्षणाचा घोष करणाऱ्या निबंधकारांची भाषा त्या काळी पदवीधरांखाली उतरत नव्हती.

आता नाण्याची दुसरी बाजू. मुलींशी मराठीत बोलणाऱ्या रमाबाई मुलींविषयी बोलत त्या इंग्रजीत. बोस्टनच्या रमाबाई असोसिएशनने १८८७ पासून दहा वर्षे मदतीचे वचन दिले होते; तिचे अहवाल इंग्रजीत. दुष्काळाचे त्यांचे अनुभवकथन १८९७ मध्ये इंग्रजीत लिहिले गेले. १९०७ ची आत्मकथनात्मक साक्ष मुळात इंग्रजीत. ‘मुक्ति प्रेअर बेल’ हे संस्थेचे पत्रक इंग्रजीत. यात नवल नाही, कारण पैसा तेथून येत होता. पुण्याने १८९३ नंतर हात आखडता घेतला होता आणि उपाशी मुलगी कोणाच्या धर्माच्या पैशाने जेवते याची चिकित्सा करण्याइतका वेळ दुष्काळ देत नाही. परंतु या व्यवहाराची वाङ्मयीन किंमत मराठीने मोजली. स्वतः दुष्काळात अनाथ झालेली एक असामान्य स्त्री वीस वर्षांनी दुसऱ्या दुष्काळातील अनाथ मुलींचे चेहरे पाहते, हा मराठी गद्याला मिळू शकणारा केवढा मोठा विषय! ते लेखन झाले, पण परक्या दात्याकडे तोंड करून झाले. त्यामुळे त्यात दात्याला हवे ते वळण येते : अंधार आणि उजेड, बुडणे आणि तारणे. मूल आधी अस्थिपंजर असते व नंतर हसरे असते. मधल्या काळात ते हट्ट करते, चोरून खाते, घरची आठवण काढून रडते किंवा पळून जाऊ पाहते, याला अहवालात जागा नसते. अहवालाचा हा दोष केडगावचा एकट्याचा नाही, तो या लेखनप्रकाराचाच आहे. ज्या कोणत्या संस्थेला वर्षाअखेर दात्यापुढे उभे राहावे लागते तिच्या गद्यात तो येतो.

१८९३ च्या वादातील मराठी लेखनही याला अपवाद नाही, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. रमाबाईंवर तुटून पडणाऱ्या वृत्तपत्रांनी सदनातील मुलींविषयी पुष्कळ लिहिले आणि त्यांचे हितचिंतक म्हणवणाऱ्यांनीही पुष्कळ लिहिले. एका पक्षाला त्या मुली बाटण्याच्या बेतातील मालमत्ता वाटत होत्या, दुसऱ्याला त्या सुधारणेचा पुरावा वाटत होत्या. त्यांचे म्हणणे काय, असे विचारण्याची गरज दोघांनाही भासली नाही.

वस्तुतः मराठीत त्याआधीच एक उदाहरण घडून गेले होते. अमेरिकन मराठी मिशनच्या ‘ज्ञानोदय’ पत्रात १८५५ मध्ये मुक्ता साळवे हिचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध दोन अंकांत छापला गेला. मुक्ता ही जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेतील विद्यार्थिनी, वयाने चौदा वर्षांच्या आसपास. मिशनची शाळा नव्हे, पण पत्र मिशनचे. या निबंधात शिकणारी मुलगी कोणाचे आभार मानत बसत नाही. ती धर्माला आणि समाजाला प्रश्न विचारते, आपल्या जातीला शिकावयास सांगते, आणि हे सारे रागाने व तर्काने सांगते. मिशनच्या पत्राने तो निबंध छापला यात त्याचे स्वतःचे प्रयोजन असणारच. हिंदू धर्मावरील टीका त्याला नकोशी नव्हती. तरीही छापलेला मजकूर मुलीचा राहिला. चाळीस-पन्नास वर्षांनी केडगावात दोन हजार जणींचा समुदाय, छापखाना आणि लिहिता येणाऱ्या मुली असूनही, तेथून उठलेला आवाज दात्यांच्या इंग्रजीत विरघळलेला ऐकू येतो. साहित्याच्या दृष्टीने मुक्तिसदनाच्या कार्यावर आक्षेप घ्यावयाचा तर तो बाटवाबाटवीचा नव्हे, हा घ्यावा.

हा आक्षेप सौम्य करणारी दोन पुस्तके मात्र मराठीला लाभली. पहिले लक्ष्मीबाई टिळकांचे. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत आलेली ‘स्मृतिचित्रे’ ही मिशनच्या जगात वाढलेली कृती असूनही तिच्यात अहवालाचा लवलेश नाही. दाता कोण आणि घेणारा कोण याची गल्लत हा या ग्रंथाचा प्राण आहे. कोकणातल्या करजगावी जन्मलेले नारायण वामन टिळक लोकांची मुले घरी आणतात, पदरचे देऊन टाकतात, आणि त्या मुलांच्या पानात काय वाढावयाचे हा प्रश्न लक्ष्मीबाईंवर सोडतात. अहमदनगरच्या त्यांच्या घरी बालकवी ठोमरे राहिले ते याच प्रघाताने. परोपकाराचा हिशेब येथे गृहिणी मांडते, म्हणून त्यात चिडचिड आहे, विनोद आहे, पीठ संपल्याची बातमी आहे. जोडाक्षरांशी लक्ष्मीबाईंचे शेवटपर्यंत फारसे जमले नाही. बोललेले तसेच उतरावे अशी त्यांची भाषा. संस्कृतज्ञ रमाबाईंना जे मराठी प्रयत्नाने कमवावे लागले ते लक्ष्मीबाईंना अज्ञानाच्या कृपेने मिळाले, असे म्हटले तर दोघींवरही अन्याय होणार नाही.

दुसरे पुस्तक त्या मानाने कमी वाचले गेले आहे आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ते अधिक मोलाचे आहे. देवरुखच्या गोदूबाई जोशी या बालपणी विधवा झालेल्या स्त्री शारदासदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनी होत. १८९३ च्या मार्चमध्ये त्यांनी धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह केला व त्या आनंदीबाई झाल्या. त्यांचे ‘माझे पुराण’ १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले. ख्रिस्ती दात्यांच्या पैशाने चाललेल्या संस्थेत राहिलेल्या, स्वतः ख्रिस्ती न झालेल्या, आणि पन्नासहून अधिक वर्षांनी मागे वळून पाहणाऱ्या कोकणी स्त्रीचे हे कथन आहे. त्यात सदनाविषयी कृतज्ञता आहे, पण ती दात्यासाठी तयार केलेली नाही. रमाबाई येथे ना देवदूत आहेत ना फूस लावणाऱ्या. एका मोठ्या घराच्या कर्त्या बाई आहेत. १८९३ च्या वादात दोन्ही पक्षांनी ज्यांना मुके ठरवले त्यांच्यापैकी एकीने बोलावयास घेतले तेव्हा वादाचे मुद्दे जवळजवळ गळून गेले आणि रोजचे जगणे उरले.

आनंदीबाईंच्या पुस्तकाचा आणखी एक विशेष नोंदला पाहिजे. कर्वे यांनी १८९६ मध्ये स्थापन केलेल्या अनाथ बालिकाश्रमाच्या नावातच शारदासदनाला दिलेले उत्तर आहे, आणि त्या संस्थेसाठी आनंदीबाईंनी स्वतः वर्गणी गोळा केली. एकेकाळी परक्यांच्या देणगीवर शिकलेली स्त्री आता दारोदार जाऊन मागत होती, ती मराठीत मागत होती आणि मराठी माणसाकडे मागत होती. दात्याने नाक मुरडले तरी ते तिला तिच्याच भाषेत समजत होते. बोस्टनच्या अहवालात न येणारी मागणाऱ्याची अडचण आणि देणाऱ्याची कुरकुर ‘माझे पुराण’च्या वाचकाला जाणवते ती यामुळे.

केडगावच्या लेखनाचे मूल्यमापन करताना यापुढे निदान एवढे व्हावयास हवे. १८८२ चे ‘स्त्रीधर्मनीति’ आणि १९२४ चे बायबल शेजारी ठेवून त्यांतील शब्दसंग्रहाची व वाक्यरचनेची तपशीलवार तुलना व्हावी. तीत तत्सम शब्दांचे प्रमाण, घरगुती वस्तूंची नावे व क्रियापदांची रूपे स्वतंत्रपणे पाहिली जावीत. बायबलाच्या पुस्तकांपैकी आरंभी घ्यावयाची ती लूककृत शुभवर्तमान आणि रूथ. पहिल्यात हरवलेले नाणे शोधण्यासाठी घर झाडणारी बाई आहे. दुसऱ्यात दुष्काळ आहे, विधवा आहेत आणि परक्या शेतात सरवा वेचणारी सून आहे. मध्य प्रांतातून आलेल्या मुलीला हे प्रसंग समजावून सांगण्याची गरज नव्हती. त्या ठिकाणी रमाबाईंचे मराठी कसे चालते ते आधी पाहावे.